महांतप्पानं टाळलेली हॉटेलं

उमरग्यातून कुणी सोलापूरला, हैदराबादला किंवा देवाला निघालं, की घरातलं एखादं माणूस हमखास म्हणायचं, "अगोदर महांतप्पाला फोन लावा." महांतप्पाचा हायवेला वजनकाटा. रोज पन्नास-साठ ट्रक काट्यावर चढायचे, उतरायचे, आणि पावती मिळेपर्यंत ड्रायव्हर लोक चहा पीत गप्पा छाटायचे. कुठल्या धाब्यावर काय खाल्लं आणि मग रात्रभर कसं पळावं लागलं, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? तीस वर्षं हेच ऐकून महांतप्पाच्या डोक्यात अख्खा रस्ता भरला होता. पण त्याची एक तऱ्हा होती. कुठं जेवावं, हे तो कधीच सांगायचा नाही. कुठं जेवू नये, तेवढंच सांगायचा.

"टोलनाक्याच्या फुडचं निळ्या पाटीचं सोडा. त्याच्या शेजारच्याकडं तर बघूबी नका."

"मग अप्पा, खायचं कुठं?"

"ते तुमचं तुमी बघा. उद्या पोट बिघडलं तर माझं नाव नगं."

याला कारण होतं. त्याच्या घरात जुनी शिस्त अशी, की ताटात पडलं तो प्रसाद. प्रसाद टाकायचा नाही. शेवटी ताटात पाणी घालून, ताट धुऊन, तेही पिऊन टाकायचं. घरात हे सोपं असतं, कारण घरातल्या आमटीचा भरवसा असतो. सत्तावीस वर्षांमागं धाकट्या भावाला, वीरभद्राला, मुलगी बघून येताना सगळे रस्त्यात एका हॉटेलात जेवायला बसले. हॉटेल महांतप्पानं निवडलं होतं. आमटी वाढून झाल्यावर पहिल्याच घासाला कळलं, की आंबलीय. दुसऱ्या कुणीही ताट सरकवलं असतं. पण महांतप्पा म्हणाला, "पडलंय ते संपवा." सगळ्यांनी संपवलं. ताटं धुऊन प्यायली. वीरभद्र तीन दिवस दवाखान्यात सलाईनवर होता. वाचला, पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं अशी मान हलवली होती, की महांतप्पाला ती अजून दिसते.

तेव्हापासून त्यानं एक ठरवून टाकलं. वाढल्यावर सोडता येत नाही ना, मग वाढायच्या आधीच सोडायचं. हॉटेलात शिरला की तो बसायचाच नाही. आधी हात धुवायच्या जागेकडं जायचा, मग भटारखान्याच्या दारात उभा राहून वास घ्यायचा, मग आचाऱ्याच्या नखांकडं बघायचा. आणि बायकापोरं दारात ताटकळत उभी असायची. या वागण्याला घरात कुणी नाव ठेवायचं नाही. उलट चारचौघांत कौतुकानं सांगायचे. लक्ष्मम्मा, त्याची बायको, तर हसून म्हणायची, "आमच्या ह्यांचं नाक म्हंजी नाक हाय."

दिवाळीच्या सुट्टीत मुलानं, सोमेशनं, हैदराबादच्या त्या मोठ्या मनोरंजन नगरीची तिकिटं काढली. पाळणे, घसरगुंड्या, फायबरचे डायनासोर, खोटे राजवाडे. नात आरोही महिनाभर दुसरं बोलत नव्हती. सून उमादेवीनं दोन दिवस खपून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गूळपोळ्या बांधल्या. लक्ष्मम्माला साखरेचा आजार. रोज तीन वेळा, जेवायच्या अर्धा तास आधी, पोटात सुई घ्यावी लागे. सुई घेतली आणि पोटात काही गेलं नाही, तर साखर भसकन खाली येते आणि माणूस हातचं जातं. उमरग्याच्या डॉक्टरनं हे महांतप्पाला समोर बसवून सांगितलं होतं. त्यानं मानही डोलावली होती.

नगरीच्या दारावरच्या रक्षकानं पिशव्या उघडल्या आणि भाकरीचं गाठोडं बाजूला काढलं. "बाहर का खाना अंदर नहीं चलता."

उमादेवी पुढं होऊन सांगणार होती, की सासूबाईंना साखर आहे, निदान गुळाचा खडा तरी राहू द्या. तिनं तोंड उघडलंही. पण महांतप्पाला परक्या माणसापुढं हुज्जत घालणं कमीपणाचं वाटायचं. त्यानं हातानंच तिला थांबवलं.

"ऱ्हाऊ दे तिथं. आत म्या हाय की. म्या बघतो कुठं बसायचं ते."

गाठोडं कुलपातल्या कप्प्यात गेलं. सुईचं थंड पाकीट तेवढं आत आलं.

सकाळ बरी गेली. आरोही दोन पाळण्यांत बसली आणि तिसऱ्यात रडली. पाऊण वाजता सगळे पहिल्या हॉटेलापाशी आले. बाहेरून राजवाडा, दाराशी भालदाराच्या वेषातला एक घामाघूम पोरगा, आणि पाटीवर ठळक 'शुद्ध शाकाहारी'. महांतप्पानं पाटी वाचली, आत नजर टाकली. टेबलं पुसलेली होती. हात धुवायच्या जागी साबण होता. तो खुशीत आला.

"हितंच बसू. घे गं सुई."

लक्ष्मम्मा उमादेवीला घेऊन बायकांच्या खोलीत गेली आणि सुई घेऊन आली. बाहेर येते तो महांतप्पा दारातच उभा, कपाळाला आठी.

"चला हितनं."

"का ओ?" सोमेशनं विचारलं.

"वरणाच्या भांड्याला कडंनं साय धरलीय. सकाळचं वरण हाय ते. वरनं ऊन पाणी वततेत."

"अप्पा, अव्वानं सुई घेतलीय आता."

"मग काय झालं? अर्धा तास हाय की. शेजारीच दुसरं हाय."

घड्याळात बारा पन्नास झाले होते. उमादेवीनं ते बघून ठेवलं.

दुसरं हॉटेल म्हणजे मोठं आवार होतं. आठ-दहा खिडक्या, मधे टेबलं, आणि आधी पैसे भरून कार्ड घ्यायचं, मग ते कार्ड खिडकीवर दाखवायचं. महांतप्पा खिडक्यांपुढून सावकाश चालत गेला, जसा बाजारात बैल बघणारा माणूस चालतो. चौथ्या खिडकीपाशी थांबला. तव्यावर एका बाजूला अंडी फुटत होती, दुसऱ्या बाजूला पनीर परतत होतं, आणि उलथनं एकच होतं. इथं त्याला कुणी दोष देऊ शकत नव्हतं. लक्ष्मम्मानं स्वतःच तोंड फिरवलं. जन्मात तिनं असलं काही शिवलं नव्हतं.

"फुडं," महांतप्पा म्हणाला.

तिसरं हॉटेल डोश्याचं. भटारखाना काचेआड, सगळं उघड्यावर. पण रांग चाळीस माणसांची. आरोहीच्या हातात नकाशा होता, ती बोटानं मोजत होती. "अज्जा, अजून दोन हायत. एक जंगलातलं, एक पार टोकाला."

"रांगेत हुबं ऱ्हाऊ," सोमेश म्हणाला. "वीस मिनिटांत नंबर लागंल."

महांतप्पा काचेला नाक लावून बघत होता. चटणीचं पातेलं उन्हाच्या बाजूला ठेवलेलं होतं. "खोबऱ्याची चटणी उन्हात. दुपार धरंना ती."

"मग चटणी नगं घ्यायला. नुसता डोसा घेऊन बघू, न्हाय आवडला तर सोडून दिऊ."

"सोडून दिऊ?" महांतप्पाचा आवाज चढला. रांगेतली चार माणसं वळून बघू लागली. "ताटात पडल्यालं सोडायचं? आपल्या घरात कवा सोडलंय का कुणी?"

सोमेश रांगेपासून मागं सरला. चाळिशीचा माणूस, पतसंस्थेत वसुली अधिकारी, लोकांच्या दारात उभं राहून कडक बोलणारा. पण बापापुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, ती आजही चिकटली.

एक वाजून दहा मिनिटं. उमादेवीनं सासूकडं बघितलं. लक्ष्मम्मा पदरानं मान पुसत होती. कार्तिकातलं ऊन, त्यात एवढा घाम का यावा? "आत्याबाई, कसं वाटतंय?"

"काय न्हाय. चला, ते फुडं गेले बघा."

पुढं तो गेलाच होता. चौथं हॉटेल म्हणजे खोट्या वेलींची गुहा. आत वाघाच्या डरकाळ्या लावलेल्या. हात धुवायच्या जागी नळ फिरवला तर फुस्स. महांतप्पा बाहेर आला. "जिथं गिऱ्हाइकाला हात धुवाया पानी न्हाय, तिथं आचारी कशानं धुत आसंल?"

बोलणं चुकीचं नव्हतं. तेच तर अवघड होतं. त्याचं एकेक म्हणणं खरं होतं आणि प्रत्येक खऱ्या म्हणण्यानं पाच-दहा मिनिटं खाल्ली होती.

"मामा," उमादेवी सासऱ्यापुढं पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "आता कुठंबी बसू. सुई घेऊन अर्ध्या तासाच्या वर झालं."

"व्हय गं, कळतंय मला. टोकाचं राहिलंय न्हवं? सोमेश, तू पळत फुडं जा, जागा धर. आमी येतोच."

सोमेश पळाला. बाकीचे निघाले. डायनासोरच्या पायाखालून, फिरत्या कपबशांच्या बाजूनं, कर्कश गाण्यांतून. लक्ष्मम्मा मागं राहू लागली. आरोही तिचा हात धरून चालत होती.

"अज्जी, हात लई गार पडलाय तुझा."

"शकू, दार लाव, वासरू आत येतंय," लक्ष्मम्मा म्हणाली.

आरोही हसली. तिला वाटलं, आजी गंमत करतेय. उमादेवी मात्र जागीच थांबली. शकुंतला म्हणजे लक्ष्मम्माची बहीण. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

त्याच वेळी महांतप्पाचा फोन वाजला. "अप्पा, हे टोकाचं बंद हाय. रंगकाम चाललंय."

महांतप्पा फोन कानाला धरून तसाच उभा राहिला. पाचही हॉटेलं संपली होती. मागं वळला तर लक्ष्मम्मा रस्त्याच्या कडेला, आवारातल्या त्या दुसऱ्या हॉटेलाच्या कठड्यापाशी, खाली बसत होती. बसत नव्हती, ढासळत होती. फिरून फिरून ते पुन्हा तिथंच आले होते. चेहरा पांढराफटक, ओठ थरथरतायत, चोळी घामानं भिजलेली. उमादेवीनं तिला खांद्याला धरून कठड्याला टेकवलं.

"साखर उतरली! मामा, तुमी धरा ह्यांना. म्या काहीतरी गोड आणते." आणि ती खिडकीकडं धावली.

महांतप्पा गुडघ्यावर बसला. बायकोचं डोकं मांडीवर घेतलं. तिचे डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत तो नव्हता. "लक्ष्मे, ए लक्ष्मे!" तिनं काहीतरी पुटपुटलं, जीभ जड झालेली. तिकडं उमादेवी खिडकीवर ओरडत होती, "शक्कर दो, कुछ भी मीठा दो!" आणि आतला पोरगा कार्ड मागत होता. कार्ड काढायच्या खिडकीवर पंधरा माणसं. उमादेवी त्या माणसांत घुसली.

महांतप्पाला आयुष्यात एवढी भीती वाटली नव्हती. वीरभद्राच्या वेळीही नाही. तेव्हा नेमकं काय होईल, हे ठाऊक नव्हतं. आज ठाऊक होतं. डॉक्टरनं समोर बसवून सांगितलं होतं आणि त्यानं मान डोलावली होती.

कठड्याच्या पलीकडं, हाताच्या अंतरावर एक टेबल होतं. त्यावर कोंबडीची हाडं पडलेल्या ताटल्या, चुरगाळलेले कागद, आणि एका पोराचा अर्धा प्यायलेला नारिंगी सरबताचा पेला. पेल्यात नळी होती, नळीचं टोक चावलेलं. पोरगं आईच्या कडेवर होतं.

महांतप्पानं वास घेतला नाही. कुणाचे हात, कुणाचं तोंड, कशाशेजारचं, काही बघितलं नाही. हात लांबवून पेला उचलला, नळी फेकून दिली आणि बायकोच्या ओठाला लावला. "गीळ, लक्ष्मे, गीळ. हळू."

टेबलावरची बुरख्यातली बाई एक क्षण चमकली. मग तिनं कडेवरचं पोर नवऱ्याकडं दिलं आणि वाकून लक्ष्मम्माची हनुवटी धरली.

"पिलाव अजी, पिलाव सारा! होर है हमारे पास. डोका थोडा उप्पर करो, नाकात जाईंगा."

पहिला घोट ओघळून गळ्यावर आला. दुसरा थोडा आत गेला. तिसरा लक्ष्मम्मानं स्वतः गिळला. बाईनं दुसरी बाटली उघडून पेला भरला. तोही गेला. महांतप्पा एका हातानं पेला धरत होता आणि दुसऱ्या हातानं तिच्या कपाळावरची, घामाबरोबर पुसली जाणारी विभूती पुन्हा पुन्हा सारखी करत होता. आपण काय करतोय, हे त्याला कळत नव्हतं. आरोही मोठ्यानं रडत होती.

पाच-सात मिनिटं गेली. तेवढ्यात महांतप्पानं काय काय देव बोलावले, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मग लक्ष्मम्मानं डोळे मिचकावले, भोवतीच्या माणसांकडं बघितलं आणि पहिल्यांदा डोक्यावरचा पदर सारखा केला. ते बघून महांतप्पाला हुंदका आला. लोकांदेखत, त्या वाघाच्या डरकाळ्या ऐकू येत असताना, सहासष्ट वर्षांचा माणूस रडला.

कुणीतरी कळवलं होतं, नगरीतल्या दवाखान्याची पोरगी चाकाची खुर्ची घेऊन आली. तिनं बोट टोचून साखर बघितली. एकसष्ट. "अब बढ़ रही है," म्हणाली, बिस्किटांचा पुडा दिला आणि दटावून गेली, की लगेच नीट जेवण पोटात गेलं पाहिजे. सोमेश धापा टाकत आला. उमादेवी साखरेच्या चार पुड्या मुठीत धरून आली. सासू बसलेली बघून ती तिथंच फरशीवर बसली. मामाकडं तिनं बघितलं नाही.

बुरख्यातली बाई जायला निघाली, तेव्हा महांतप्पानं हात जोडले. ती म्हणाली, "अम्माकू भुके नक्को रखो जी." आणि गेली.

लक्ष्मम्मा बिस्कीट चावत होती. महांतप्पा तिच्या शेजारी कठड्यावर बसला.

"कवापासनं व्हत व्हतं तुला?"

"त्या काचंच्या हाटेलापासनं. हातपाय गळाले व्हते."

"मग बोलायचं न्हाय का गं?" त्याला राग आला होता, फक्त कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

"म्या बोलल्याव तुमी कवा थांबलाव?" ती शांतपणे म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "श्रीशैलला दोन दिस केळ्यावर काढलाव. हंपीला तर केळंबी मिळंना. पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सोलापूरला गेलाव, तवा सांजच्याला घरी येऊन भाकरी थापून खाल्ली म्या. लोकं इचारत्यात, अक्का, लई फिरलाव तुमी, काय काय बघितलाव? म्या सांगती आपलं, हे देऊळ, ते देऊळ. खरं सांगू का, मला देवळं आठवत न्हाईत ओ. नुसती भूक आठवती."

महांतप्पाला वीरभद्राचं सांगायचं होतं, डॉक्टरच्या हललेल्या मानेचं सांगायचं होतं, हे सगळं तुमच्याच जिवासाठी केलं असं म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. पण सत्तावीस वर्षं तो मरणाला टाळत फिरला आणि आज त्यालाच दारापर्यंत घेऊन आला, हे त्याला लख्ख दिसत होतं. त्याला लाज वाटली. एवढी, की मान वर होईना.

"चल," अखेर तो म्हणाला. "कुठं बसायचं ते तू सांग. काय खावं वाटतंय तुला?"

लक्ष्मम्मा विचारात पडली.

"मला भाईरचं काय आवडतं, त्येच म्हाईत न्हाय," ती म्हणाली.

तिला खुर्चीतून डोश्याच्या हॉटेलात नेलं. रांग आता ओसरली होती, आणि खुर्ची बघून लोकांनी वाटही दिली. आरोहीनं भिंतीवरची नावं एकेक करून वाचून दाखवली. उमादेवी मधेच म्हणाली, "आत्याबाई, लौकर सांगा." पण लक्ष्मम्मानं तिला सगळी नावं पुन्हा वाचायला लावली. बाकीच्यांनी काय घ्यायचं, तेही तिनंच सांगितलं. महांतप्पा काचेकडं पाठ करून बसला होता. मागं काहीतरी खणकन पडलं, आचारी कुणावर तरी ओरडला. त्याची मान निम्मी वळली. त्यानं ती परत फिरवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

डोसा आला. हातभर लांब, कागदासारखा पातळ. लक्ष्मम्मानं एक तुकडा मोडून तोंडात घातला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

महांतप्पा ताडकन उठला. तोंड आचाऱ्याकडं वळलंसुद्धा.

"बसा तुमी," लक्ष्मम्मा म्हणाली. "मीठ कमी हाय. पर मला आवडलाय."

महांतप्पा खाली बसला.